आतली कडी
बाबांचा धंदा कुलपांचा. दुकानातली कुलपं संपली, म्हणून सकाळी त्यांनी गिऱ्हाईकाला आमच्याच दाराचं कुलूप काढून विकलं. त्यामुळे आईला घर राखत बसावं लागलं आणि परदेशी निघालेल्या मावशीला निरोपही देता आला नाही. संध्याकाळी आई आत रुसून बसलेली आणि बंद दारासमोर बाबा नवं कुलूप मांडीवर घेऊन बसले, शेजारी मी, लघवी धरून. “तार घाला, कडी काढा! तुमच्या डाव्या हातचा मळ!” “कडी निघेल रे. पण तिनंच उघडायला हवं.” “आणि मी?” “धीर धर.” “तोच धरलाय!” शेवटी वैतागून मी दाराला खांदा मारला आणि थेट आत आडवा झालो. कडी लावलेलीच नव्हती. दारामागे आई स्टुलावर बसली होती. “कधीचं उघडं ठेवलंय,” ती माझ्या अंगावरून बाबांकडे बघत म्हणाली. “कुलूपवाल्याला दार ढकलून बघायचं सुचू नये? या आता. ह्याला ओलांडून या.”