एका ओळीत गप्प

बाहेर रस्त्यावर दीडशे मेंढरं एकदम ओरडत होती, म्हणून क्रांतीनं धाडकन खिडकी लावून घेतली. तेवढ्यात मेंढरांमागचा कृष्णात चपला दारात काढून अकॅडमीच्या ऑफिसात आला.

"काय मॅडम, माझं ग्राऊंड कवा हाय?"

दहावीतल्या पोरीला मॅडम म्हणणारा हा एकटाच! क्रांती हसली. समोर बसलेले तिचे पप्पा, रिटायर सुभेदार लालासाहेब, हसले नाहीत. कुंडलची ही भरती अकॅडमी त्यांची. भरतीच्या मैदानी परीक्षेला इथं सगळे ग्राऊंडच म्हणायचे.

"आरं, तुझं ग्राऊंड सोमवारीच झालं की! हुतास कुठं?"

"कोयनेकडं, मेंढरं घिऊन. पर निरोप कुठं आला, सर?"

पोरांचे फॉर्म अकॅडमीच भरायची. तारखा अकॅडमीकडं यायच्या आणि क्रांतीनं बनवलेली वेबसाइट प्रत्येकाला मेसेज करायची.

"क्रांते, गेला हुता न्हवं निरोप?"

"गेलाय की! लॉग बघा ना." तिनं स्क्रीन वळवली. साइट जे जे करते ते तिथं ओळीओळीनं लिहिलं जायचं. त्या दिवशीच्या फक्त दोन ओळी होत्या. पहिली: तारखा आल्या. दुसरी: बहात्तर मेसेज पाठवायला दिले. एरर एकही नाही.

लॉगचं पान असं चकाचक करायला केवढा खटाटोप केला होता तिनं! मेसेजसाठी तिनं नेटवरची, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेली तयार लायब्ररी जोडली होती. आणि ती म्हणजे नुसती बडबड. जोडतेय, जोडलं, थांबलेय, परत बघतेय... दिवसाला हजार ओळी! क्रांतीच्या स्वतःच्या दोन त्यात सापडायच्याच नाहीत. मग गणपतीच्या सुट्टीत तिनं एक ओळ लिहिली. या लायब्ररीनं फक्त एरर सांगायचे, बाकी गप्प. एका ओळीत गप्प! वर्गात, घरात, सगळ्यांना सांगून झालं होतं.

"नंबर कुठला दिलेलास, कृष्णातदादा?"

"फॉर्मावर हाय त्योच. ते शिम मधी बंद पडलं. म्हणून तर काकाचा बी दिलाय की, खाली."

खाली काकाचा नंबर होता.

क्रांतीनं ती एक ओळ काढून टाकली आणि कृष्णातच्या त्या बंद नंबरवर पुन्हा मेसेज सोडला. लायब्ररी लगेच बोलायला लागली. जोडतेय. जोडलं. पाठवतेय. परत बघतेय. परत बघतेय. आणि मग: इशारा, हा नंबर बंद आहे, थांबतेय.

इशारा. एरर नव्हे.

"तेव्हा पण हिनं हेच सांगितलं असतं," क्रांती म्हणाली. "मग काकांना फोन केला असता. मीच गप्प केलेलं तिला."

पप्पा फॉर्मवरची जन्मतारीख बघत राहिले. दोन वर्षं रोज पहाटे ग्राऊंडवर सगळ्यांच्या पुढं पळणारा पोरगा तो.

"पुढच्या भरतीला, सर?"

"वय बसत न्हाई, बाळा. ही शेवटचीच हुती तुझी."

कृष्णातनं क्रांतीकडं बघितलं.

"आसूंदे, मॅडम. मेंढरामागं पळायला उपेगी पडंल."

तो बाहेर गेला. सॉरी म्हणायचं राहिलं होतं. क्रांतीनं घाईनं खिडकी उघडली, तर सगळा गलका आत आला. कृष्णात रस्त्यावर पाठमोरा थांबला होता, मान जराशी तिरकी करून, कान देऊन. मग तो सरळ कळपात घुसला. दोन्ही हातांनी मेंढरं बाजूला सारत पार मधोमध गेला, वाकला आणि एक कोकरू उचलून त्याच्या खुरातला काटा काढायला लागला.

क्रांतीला मघापासून सगळ्या मेंढरांचा आवाज सारखाच वाटत होता.