नाळ

"गोमो," म्हातारीने डोंगराकडे हात केला. रंगरावने शब्द तोंडात घोळवला, तशी ती हसली. "नातवा, घास धरून बोलतोस का रे?"

रंगराव झिम्बाब्वेत धरणाच्या मोजणीवर आला होता. साहेबाने बजावलं होतं, धरणाचं एवढ्यात बोलू नको, आधी यांची शोना भाषा शीक. म्हणजे गाव उठवताना बोंबाबोंब होणार नाही. रंगराव इमानदारीने शिकला. र्विझी म्हणजे नदी, म्वुरा म्हणजे पाणी. चोर आधी कुत्र्याला भाकरी टाकतो, तसलं हे शिकणं.

आज म्हातारीने त्याला झोपडीमागे नेलं आणि मूठभर माती त्याच्या तळहातावर ठेवली. "इव्हू. माझ्या पोरांच्या नाळा हिच्यातच पुरल्यात. तुझी कुठं पुरलीय?"

रंगरावची नाळ साताऱ्याकडच्या एका धरणाच्या तळाशी होती. त्याच्या आईनेही मोजणीवाल्याला लेकरासारखं ताक पाजलं होतं.

"म्वुरा," तो म्हणाला.

म्हातारीने नदीकडे पाहिलं, मग त्याच्या काखेतल्या मोजणीच्या लाल निशाणाकडे. मग तिने त्याच्या हातावरची माती कणाकणाने काढून घेतली. निशाण तेवढं त्याच्याकडे राहिलं.