तूप-साखरेची पोळी

आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं नाही, असं धोंडीरामांच्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं. लग्नपत्रिकेलासुद्धा ते कार्ड टाकून आशीर्वाद कळवत. हे एक पत्र मात्र पंधरवडा झाला तरी चष्म्याच्या घराखाली तसंच पडून होतं.

पत्र नाशिकच्याच एका बालगृहातल्या निकिताताईंचं. 'तुमच्या घरामागच्या बंद गोदामाच्या आवारात सापडलेली मुलगी आमच्याकडे आहे. सहा-सात वर्षांची असावी. बोलत नाही. फार वेळ दोन पायांवर उभी राहत नाही. अन्नाला शिवत नाही. नळीनं भरवतो, ती नळी उपसून काढते. डॉक्टर काळजीत आहेत. वडील काही सांगत नाहीत. तिला काय हाक मारत, ती कशी जेवायची, एवढं कुणी सांगितलं तरी फार होईल.'

दुपारची जेवणं झाली होती. दोन पोळ्या उरल्या. ललिताबाईंनी सवयीनं त्या उचलल्या, मागचं दार उघडलं आणि भिंतीपाशी जाऊन थबकल्या. पलीकडे कुत्र्यांची नखं पत्र्यावर वाजली. त्या तशाच परत आल्या, पोळ्या डब्यात ठेवल्या.

"लिहा की हो आता," त्या म्हणाल्या. "नाहीतर फोन करा. खाली नंबर आहे."

"फोनवर मला ते उच्चारता येणार नाही." धोंडीराम चष्मा पुसत राहिले. "आणि पोलिसांना सांगितलंय ना, आम्हाला काही कल्पना नव्हती म्हणून. सही आहे माझी."

"माझी नाही. मला कुणी विचारलंच नाही."

मागच्या गोदामाची राखण त्या मुलीचा बाप, भिकन, करायचा. बायको सोडून गेलेली. बाहेरून कुलूप घालून तो कांद्याचा टेम्पो घेऊन पिंपळगावला जायचा, तो दोन-दोन दिवस फिरकत नसे. आत कुत्री. गल्लीतल्या घराघरातलं उरलंसुरलं भिंतीवरून आत पडायचं. मुक्या जिवाच्या मुखी घास गेला, म्हणून सगळे समाधानानं वामकुक्षीला जायचे.

दारावरची बेल वाजली. कॉलनीचे अध्यक्ष खंडेराव आत आले, खुर्चीच्या कडेवर टेकले.

"काका, ते बालगृहाचं पत्र तुम्हालाही आलंय म्हणे. मला आलं, यशोदाबाईंना आलं. कुणी काही लिहायचं नाही, असं ठरलंय."

"कधी ठरलं?"

"त्यात ठरवायचं काय? सगळ्यांनी एकच जबाब दिलाय. एकानं तोंड उघडलं की अख्ख्या गल्लीला कोर्टाच्या चकरा. तुम्हाला या वयात झेपणार आहेत का? आणि वाईट काय केलं आपण? खायलाच घालत होतो ना?"

"कुणाला?" ललिताबाईंनी विचारलं.

"कुत्र्यांना, काकू."

"मी पोळीला तूप-साखर लावत होते, खंडेराव. कुत्र्याच्या पोळीला कुणी तूप-साखर लावतं का?"

खंडेरावांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "चहा राहू द्या," ते म्हणाले. चहाचं कुणी विचारलंही नव्हतं. जाताना त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतलं.

धोंडीरामांची मान खाली होती. पोळी भाजून झाली की साखरेचा डबा खाली यायचा, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पाहिलं की ते पेपर जरा वर धरत. एकदा फक्त म्हणाले होते, या महिन्यात साखर लवकर संपली.

ते लिहायला बसले. चाळीस वर्षं वाचनालयात काढलेला माणूस. पहिल्या कागदावर समाजाची उदासीनता आली, दुसऱ्यावर एक संस्कृत वचन. दोन्ही फाडले. मग लिहिलं:

'तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. भिंतीवरून "यू, यू" करायचो. कुत्री यायची, त्यांच्या मागून ती यायची. पोळी ताटात वाढू नये. जमिनीवर ठेवावी, "यू, यू" म्हणावं आणि पाठ फिरवून उभं राहावं. वळून पाहिलं तर ती पळते. आम्ही कुणी पुन्हा कधी वळून पाहिलं नाही, म्हणून ती जेवायची. पोलिसांना मी हे सांगितलं नाही. मला माहीत होतं.'

खाली सही केली. ललिताबाईंनी कागद ओढून घेतला, उभ्यानंच वाचला आणि पेन मागितलं. खाली आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं, 'पोळीला तूप-साखर लावावी, चौघडी करावी,' आणि शेजारी आपलंही नाव घातलं.

टपाल कचेरी बंद व्हायला आली होती. खिडकीवरच्या मुलीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"पाठवणाऱ्याचं नाव नाही, काका. स्पीड पोस्टला लागतं."

ती बाजू धोंडीरामांनी कोरी ठेवली होती. त्यांनी दोरीला बांधलेलं पेन घेतलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. जरा थांबून त्याखाली लिहिलं, 'शेजारी'.

"शेजारी वगैरे लिहायची गरज नव्हती," मुलगी म्हणाली. "ते कुणी बघत नाही."

"असू दे," धोंडीराम म्हणाले.

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.