सातचा दिवा

परदेशी जायच्या आदल्या दिवशी लेकाने काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटासा संगणकच, भिंतीत बसवून घरातलं वायरिंग इंटरनेटला जोडलं. “आई, रोज सातला मी तिकडून मोबाइलवर बटण दाबेन. व्हरांड्यातला दिवा दोनदा लुकलुकला, की समज, मी हाक मारली.” दोन वर्षं मी सातला हातातलं काम टाकून दिव्यासमोर बसले. तापातसुद्धा. आज दुपारी पंखा अडून बसला, म्हणून इलेक्ट्रिशियन आला. भिंतीतल्या त्या डबीला लॅपटॉप जोडून सहज म्हणाला, “काकू, व्हरांड्यातला दिवा कोणी लावत नाही. रोज सातला दोनदा आपोआप लागतो. हा बघा प्रोग्राम, दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय.” म्हणजे एकदासुद्धा नाही! पहिल्या दिवशीही नाही! साडेसातला लेकाचा फोन आला. “आज मीटिंग सोडून बटण दाबलं हं! दिसला ना दिवा?” “दिसला रे राजा,” मी म्हटलं. दुपारीच होल्डरमधून काढलेला बल्ब मांडीवर होता.