पाण्याचा घोट

“राग आला की तोंडात पाण्याचा घोट धरायचा, गिळायचा नाही. आणि सूनबाई, हे माझ्या लेकाकडून तू पाळून घ्यायचं.” सासूबाईंना मी तसा शब्द दिला होता.

आमचे हे जगभरच्या मंडळींसोबत हौसेने एक ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता-बदलता येणारं, सॉफ्टवेअर बनवतात. तिथे सभ्य भाषेचा नियम असावा की नसावा, यावरून सध्या जुंपलीय. ह्यांना नियम हवाच. दोघं चिडून सोडूनही गेले. आणखी कोणी गेलं तर कामच बंद पडेल.

आज सकाळी जप आटोपून ह्यांच्या खोलीत डोकावले. ह्यांचे गाल पाण्याने टम्म फुगलेले, तोंडातून अवाक्षर नाही. बोटं मात्र कीबोर्ड बडवत होती: “अरे बिनडोक गाढवा, सभ्य बोलायला तुझं काय जातं?”

 

मी गुपचूप आत गेले आणि दोन पेले काठोकाठ भरायला घेतले, ह्यांच्या एकेका हातात एकेक द्यायला.