भिंगकाकांचा शब्द

"शाई सांडायचीच तर निदान दुसऱ्याच्या शर्टावर सांडावी," जजसाहेब म्हणाले. औषधवाल्यानं आपल्या खिशाखालचा निळा डाग पाहिला आणि हात जोडले.

फाउंटन पेनांचं प्रदर्शन बघून चौघं तडक भिंगकाकांच्या चष्म्याच्या दुकानात आले होते. रविवार, त्यामुळे दुकान बंद. वरच्या मजल्यावर, नजर तपासायच्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्याखाली खुर्च्या ओढून मैफल जमली होती.

औषधवाल्याला यंदा गर्दी फार वाटली. "एका टेबलापाशी कागदाला निब टेकवायला मिळेना. पुढचे गृहस्थ आपले सह्या करून बघताहेत, करून बघताहेत. शेवटी विक्रेता म्हणाला, साहेब, आता घरच नावावर करून द्या."

जजसाहेब निवृत्त झाल्यापासून जांभळ्या शाईत लिहीत. त्यांनी आणखी दोन बाटल्या आणल्या होत्या. "जन्मभर काळ्या शाईत लोकांना आत धाडलं. आता जरा रंग नको?"

भिंगकाका गालात हसत चहा ओतत होते. गळ्यात दोरीनं भिंग अडकवलेलं असे, म्हणून हे नाव. पेन अस्सल की नकली, यावर त्यांचा शब्द शेवटचा. भले भले विक्रेते त्यांच्यासमोर पेन ठेवून श्वास रोखत.

"लेकीची काही खबर?" कप घेता घेता जजसाहेबांनी हळूच विचारलं.

"नाही." काका किटली पुसत राहिले. "एकदा नातीचं तोंड बघितलं की डोळे मिटायला मोकळा."

लेक घर सोडून गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. तिला लांबच्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. फोन काकांनी घेतला, 'तिचा विचार बदललाय' म्हणून ठेवून दिला, आणि तिला सांगितलं, कुणाचा फोन नाही. एकुलती एक पोर, नजरेसमोर राहावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. पुढं ते उघडकीला आलं. तेव्हापासून तिनं या घराकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

"बाई, तुम्ही गप्पशा?" औषधवाल्यानं विषय बदलला.

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई या कंपूत नव्या होत्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि उलगडला. "मला हे मिळालंय. अस्सल आहे का, तेवढं काकांनी सांगावं."

काकांच्या हातातली किटली तिरकी झाली.

गर्द हिरव्या अंगावर काळ्या लाटा. टोपणाला चपटी, पानासारखी क्लिप. हे पेन बनवणारा लहानसा कारखाना केव्हाच बंद पडला होता. असली पेनं त्यानं मोजकीच काढली, आणि काकांनी उमेदीची वर्षं त्यातल्या एकासाठी दारोदार हिंडून घालवली होती. बायको म्हणायची, या पेनाशीच लग्न लावायचं होतंत.

त्यांनी पेन उजेडात नेलं. भिंग डोळ्याला लावलं. अंगावर कोरलेल्या अक्षरांवरून नख फिरवलं. अक्षरं खोल होती, कडा धारदार. शंकेला जागाच नव्हती.

बाईंना निब कशाशी खातात हे ठाऊक नाही, त्यांना वाटलं. उद्या शाळेत पोरांच्या गराड्यात हे टेबलावरून पडेल. जन्मभर शोधलं कुणी, आणि मिळावं यांना?

"नकली आहे," ते म्हणाले.

औषधवाला चुकचुकला.

"हुबेहूब केलंय, पण नकली. अक्षरं बघा, उथळ आहेत."

"नक्की ना, काका?" बाईंचा आवाज अगदी मऊ होता. "घाई नाही. परत एकदा बघा."

"माझी नजर फसत नाही."

"काकांनी सांगितलं म्हणजे निकाल लागला," जजसाहेब म्हणाले. "अपील नाही."

काकांनी पेन रुमालात ठेवलं, पण बोटं त्यावरच राहिली. "तुम्हाला याचा उपयोग नाही. माझ्याकडे सुट्या भागांना कामी येईल. तुमची हरकत नसेल तर."

"ठेवा की," बाई म्हणाल्या.

इतकं सोपं. काकांना एकाएकी सगळ्यांविषयी प्रेम वाटू लागलं. त्यांनी जजसाहेबांना बिस्किटांचा आग्रह केला, औषधवाल्याच्या डागावर लिंबू लावायला सांगितलं. दोघं उठून जिना उतरले, तोवर पेन काकांच्या आतल्या खिशात, छातीशी होतं.

बाई मात्र बसून होत्या.

"काका, माणूस बोलून जातं कधीकधी," त्या म्हणाल्या. "आता ते दोघं गेलेत. मी कुणाला सांगणार नाही. खरंच नकली आहे?"

खिशातलं पेन बरगडीला टोचत होतं.

"बाई, एकदा सांगितलं ना. वाईट वाटून घेऊ नका. नवे लोक असे फसतातच."

बाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या, काच सरकवली आणि खाली रस्त्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. खाली एका गाडीचं दार लागलं. इंजिन सुरू झालं. मागच्या सीटवरून एक लहान मुलगी काहीतरी विचारत होती, ते वरपर्यंत ऐकू आलं, मग गाडीबरोबर दूर गेलं.

"कोण होतं?" काकांनी विचारलं.

"तुमची लेक," बाई काच लावत म्हणाल्या. "पेन अस्सलच आहे. तुमच्यासाठी तिनं त्या कारखान्याच्या मालकाच्या घरून शोधून आणलं होतं. मी तिची मैत्रीण. मला म्हणाली, बाबा खरं बोलले तर मी पोरीला घेऊन वर येते, आणि खोटं बोलले तर पेन त्यांनाच राहू दे."