आवाज आधी, चित्र शेवटी

"दिसत न्हाय रे अतीक! नुसते चौकोन हलतेत," बिलाल व्हिडिओ कॉलवर सौदीतल्या दम्मामहून ओरडला. आवाज कसा, शेजारच्या खोलीतून यावा तसा खणखणीत. चित्राचा मात्र पत्ता नाही.

अतीकनं फोन आणखी खाली नेला. खाली जनाज्यात माजिदाखाला होती, पांढऱ्या कफनात, चेहरा तेवढा उघडा. बिलाल तिचा एकुलता एक लेक. त्याला सुट्टी मिळाली ती उद्याची, आणि मय्यत उद्यापर्यंत ठेवायची नाही असं जाणत्यांनी ठरवलेलं. दुपारच्या, जोहरच्या नमाजाला वीस मिनिटं उरली होती. तेवढ्यात लेकाला आईचं शेवटचं तोंड दाखवायचं, हे काम खालाच्या नवऱ्यानं, इमामसाबांनी, अतीकवर सोपवलं होतं. "तू नेटवाला हायस. तुझ्याबिगर कोण करणार?"

नेटवाला! शुक्रवार पेठेतल्या या गल्लीत मोबाइलला धड रेंज नाही, म्हणून घरोघरी वायर ओढली ती अतीकनंच. आणि दोन महिन्यांपूर्वी सात रस्त्याच्या दुकानदारांनी कार्डाची मशीन अडकतात म्हणून बोंब मारली, तेव्हा ऑफिसातल्या मुख्य राउटरमध्ये नियम भरला तोही यानंच. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आधी दुकानं, मग गल्ल्या. गल्लीत घराला मोजकं नेट, त्यातही आवाज आधी, चित्र शेवटी. "दुपारच्याला गल्लीत कोण काय बघतंय?" असं म्हणून वर हसलाही होता शहाणा. आता बोला! आपलेच दात, आपलेच ओठ.

घरातल्या सगळ्यांना त्यानं वायफाय बंद करायला लावलं. काडीचा फरक पडला नाही. मग दुसऱ्या फोनवरून त्यानं ऑफिसला फोन लावला.

"सोनाली, इमामसाबांच्या घराची लिमिट काढ. आत्ताच्या आत्ता."

"दादा, मालकांनी कालच पासवर्ड बदललाय की. ते गेलेत करमाळ्याला, फोन उचलेनात. मी सारखा लावतेय हो." तिचा आवाज रडवेला झाला होता.

"अतीक, अम्मीला दाव की रे!" इकडून बिलाल.

"दावतोय भाई. धरलाय फोन."

इमामसाब दारात आले. "वखत झाला. दिसली का त्याला?"

अतीकला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. त्यानं मान खाली घातली. इमामसाब म्हणाले, "चला."

बायकांनी तोंडावर कफन ओढलं. जनाजा उचलला तसा घरात एकच आकांत झाला. तो तिकडं ऐकू जाऊ नये म्हणून अतीकनं आपल्या बाजूचा आवाज बंद केला. दुसरं त्याच्या हातात होतंच काय? माणसं गल्लीत गेली, बायका उंबऱ्यापाशी गेल्या. खोलीत तो एकटाच उरला.

आणि फोनमधून हाक आली. "दिसली! अतीक, दिसली रे अम्मी! लख्ख दिसली!"

अतीकनं खाली पाहिलं. नुसती फरशी. मघाशी धरलेलं चित्र आत्ता कुठं तिकडं पोचलं होतं, आणि पोचून तिथंच अडकलं होतं. चित्रातलं माणूसच न हलणारं. चित्र अडकलंय हे बिलालला काय कळणार?

"हात हलवू नगंस," बिलाल रडत म्हणाला. "अब्बाला सांग, एवढ्यात नेऊ नका. पाच मिनिटं बघू दे, बास."

गल्लीतून इमामसाबांची हाक आली. "अतीक, खांदा द्यायला ये की रे!"

याच खालाच्या हातचं खाऊन तो लहानाचा मोठा झाला होता. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यानं हात काढला नाही. मोकळ्या फरशीवर फोन धरून तो तसाच उभा राहिला.